गणित मुळापासून, तेही इंग्रजीतून: सुरुवात कुठून करायची

मराठी माध्यमातून दहावी झालेली असते, मध्ये काही वर्षं गेलेली असतात, आणि आता डिप्लोमासाठी, बीएस्सीसाठी किंवा एखाद्या स्पर्धा परीक्षेसाठी गणित पुन्हा पहिल्यापासून काढायचं असतं. पुस्तकं मात्र सगळी इंग्रजीत. गारगोटी, कागल, पन्हाळ्याकडून कोल्हापुरात शिकायला येणारी मुलं असोत, की शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दिवसभर मशीनवर उभं राहून रात्री अभ्यासाला बसणारी माणसं, अडतात बहुतेक एकाच जागी. अकरावीचं इंग्रजी पुस्तक उघडायचं, दोन-तीन पानं रेटायची आणि ‘आपलं इंग्रजी कच्चं आहे’ म्हणून मिटून ठेवायचं. मग स्पोकन इंग्लिशचा क्लास लागतो. तीन महिन्यांनी बोलणं थोडं सुधारतं, पण पुस्तकाचं पान तिथंच असतं.

अशा वेळी आधी एक छोटी पारख करावी. अडलेलं उदाहरण कुणाकडून तरी मराठीत सांगून घ्यायचं, किंवा शब्दकोश घेऊन स्वतःच मराठीत लिहून काढायचं. मराठीत वाचल्यावर सुटलं, तर अडचण भाषेची. मराठीतही सुटलं नाही, तर अडचण गणिताची, आणि ती बहुतेक वेळा सहावी-सातवीत राहून गेलेली असते. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. ही पारख न करता नुसती मेहनत करणारे खूप आहेत, आणि त्यांची मेहनत वाया जाताना बघून वाईट वाटतं.

माझ्या मते सगळ्याच्या मुळाशी एक नियम आहे: एका वेळी एकच अनोळखी गोष्ट समोर घ्यायची. गणित नवं असेल तर भाषा ओळखीची हवी. भाषा नवी असेल तर गणित येत असलेलं हवं. अकरावीचं पुस्तक दोन्ही अनोळखी गोष्टी एकदम समोर टाकतं, म्हणून ते पहिलं पुस्तक म्हणून चालत नाही.

हा नियम पाळायला लागणारं साहित्य आपल्याकडे फुकट आहे. बालभारतीची दहावीपर्यंतची गणिताची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत आहेत आणि त्यांची मांडणी सारखी आहे. तीच प्रकरणं, तेच सोडवलेले नमुने, तेच सरावसंच, त्याच क्रमाने. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून दोन्हींच्या पीडीएफ उतरवून घेता येतात. छापील हवी असतील तर ओळखीच्या मुलांकडून मागची पुस्तकं मागून घ्या. शब्दकोशाचं काम ही जोडीच करते, आणि शब्दकोशापेक्षा चांगलं करते, कारण इथे नुसता शब्द मिळत नाही, तो शब्द ज्या वाक्यात बसतो ते अख्खं वाक्य मिळतं.

आधी कुठे गळती आहे ते शोधा

सहावी-सातवीपासून सुरू करायला मोठ्या माणसाला कमीपणा वाटतो. तो वाटू देऊ नका, पण सगळी पुस्तकं पहिल्या पानापासून करायचीही गरज नाही. खालची उदाहरणं कोऱ्या कागदावर, कॅल्क्युलेटर न घेता सोडवा. अक्षर म्हणून इथे क्ष घेतलाय, इंग्रजी पुस्तकात तिथे एक्स असेल.

३/४ + २/५ किती? ३/७ मोठा की ४/९? २/३ ÷ ४ किती? ०.३ × ०.२ किती? ५ − (−३) किती? −३ चा वर्ग आणि ३ च्या वर्गाला बाहेरून लावलेलं उणे चिन्ह, यांत फरक काय? एखाद्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढवली आणि मग २० टक्क्यांनी उतरवली, तर ती मूळ किमतीवर येते का? आणि शेवटी ३(क्ष − २) = २क्ष + ५ सोडवा.

उत्तरं अशी: २३/२०, ४/९, १/६, ०.०६; ८; पहिलं ९ आणि दुसरं उणे ९; मूळ किमतीपेक्षा ४ टक्के कमी; क्ष = ११.

आता चूक कशी झाली ते बघा, कारण चुकीच्या उत्तरातच आजार दिसतो. ३/४ + २/५ = ५/९ असं आलं असेल तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय. इथे एक गोष्ट करून बघा. ३/४ म्हणजे पाऊण. ५/९ म्हणजे अर्ध्याहून जरा जास्त. पाऊणमध्ये काहीतरी मिळवलं आणि उत्तर पाऊणपेक्षा कमी झालं, हे होऊच शकत नाही. ही नजर आली की निम्म्या चुका आपल्या आपण पकडता येतात. ०.६ लिहिणाऱ्याने दशांश चिन्हाच्या जागा मोजल्या नाहीत. ३ दशांश गुणिले २ दशांश म्हणजे ६ शतांश, असं शब्दांत म्हटलं की चूक होत नाही. २/३ ÷ ४ ला ८/३ आलं असेल तर भागाकाराऐवजी गुणाकार झालाय. चार जणांत वाटल्यावर वाटा मूळ वस्तूपेक्षा मोठा कसा होईल, हा प्रश्न तिथे विचारायचा. टक्क्यांच्या उदाहरणात ‘मूळ किंमत’ असं उत्तर देणाऱ्यांनी दुसरे २० टक्के कशाचे, हे पाहिलेलं नाही. शंभराचे एकशेवीस झाले, आणि पुढचे २० टक्के एकशेवीसचे, म्हणजे २४. उरले ९६.

अपूर्णांक आणि टक्के यांत दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर सहावी-सातवीचं पुस्तक. नुसतं शेवटचं समीकरण चुकलं तर आठवी. सगळं बरोबर आलं तर नववीपासून सरळ निघा. नववीच्या पहिल्या भागात संच, वास्तव संख्या, बहुपदी, गुणोत्तर व प्रमाण आहे, आणि अकरावीला लागणाऱ्या भाषेची खरी पायाभरणी तिथं होते.

वाचायचं कसं

एका सरावसंचासाठी क्रम असा ठेवा. गणित येत असलेल्या प्रकरणात आधी इंग्रजी पान वाचा, मराठी झाकून. न कळलेल्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारा, पण थांबू नका. पान संपल्यावर मराठी पान काढा आणि फक्त रेघ मारलेली वाक्यं ताडून बघा. मग उदाहरणं इंग्रजी पुस्तकातूनच सोडवा. जे प्रकरण मुळातच नवं आहे, तिथे उलटं: आधी मराठीत वाचून सोडवलेला नमुना पुस्तक मिटून परत करता यायला हवा, त्यानंतरच इंग्रजी पान. घाईने नव्या प्रकरणात इंग्रजी आधी घेतलं की दोन्ही हातांतून सुटतं.

पाढे इंग्रजीतून पाठ करू नका. हे ठामपणे सांगतो. ‘बे एके बे’ ज्या भाषेत डोक्यात बसलंय त्या भाषेत ते सेकंदात बाहेर येतं, आणि ‘सेव्हन एट्स आर’ म्हणताना थांबावं लागतं. आकडेमोड मनात मराठीतच होऊ द्या, कागदावर उतरताना आकडा आकडाच असतो. तसंच ज्यांना जुनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी (म्हणजे अपूर्णांकांचे पाढे) येते, त्यांच्याकडे मोठं भांडवल आहे. औटकीपर्यंत पाठ असलेला माणूस साडेतीनपट तोंडी सांगतो. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द म्हणजे १.२५, १.५, १.७५, २.५ आहेत, इतकंच जोडून घ्यायचं. २.७५ × १.५ समोर आलं की ‘पावणेतीनची दीडपट’ असं वाचा. पावणेतीन आणि त्याचं निम्मं, म्हणजे २.७५ + १.३७५ = ४.१२५. साडेबारा टक्के दिसले की आठवा भाग. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला यासाठी कागद लागतो.

फक्त आकडे ऐकून लिहिण्याचा सराव वेगळा करावा लागतो. मराठीत पंच्याहत्तर म्हणताना पाच आधी येतो, इंग्रजीत ‘सेव्हंटी-फाइव्ह’मध्ये सत्तर आधी. एकोणऐंशीत तर ऐंशीतून एक वजा करायचा असतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत दिली तेव्हा राज्यभर वाद झाला होता, तो याच क्रमावरून. व्हिडिओ बघून शिकणाऱ्याला याचा त्रास जास्त होतो, कारण शिकवणारा आकडा बोलून पुढे गेलेला असतो. कुणाला तरी वीस-पंचवीस दोन-तीन अंकी संख्या इंग्रजीतून भरभर वाचायला सांगा आणि लिहून काढा. आठवडाभरात हात बसतो.

छोटे शब्द

‘क्वाड्रिलॅटरल’, ‘हायपोटेन्यूज’, ‘पॉलिनॉमियल’ अशा लांबलचक शब्दांना लोक घाबरतात. हे शब्द निरुपद्रवी आहेत. ते एकदाच शिकावे लागतात, त्यांचा अर्थ बदलत नाही आणि चौकोन, कर्ण, बहुपदी हे आपल्याला आधीच माहीत आहे. गणित बिघडवतात ते दोन-तीन अक्षरी शब्द, कारण ते येतात असं वाटतं.

सगळ्यात आधी ‘इनटू’. आपल्याकडे शाळेपासून ‘थ्री इनटू फोर’ म्हणजे तीन गुणिले चार. बाहेरच्या देशातला शिक्षक व्हिडिओत ‘थ्री इनटू ट्वेल्व्ह’ म्हणतो तेव्हा तो बाराला तीनने भागत असतो. ‘थ्री गोज इनटू ट्वेल्व्ह फोर टाइम्स’ हे त्याचं पूर्ण वाक्य. एकाला छत्तीस दिसतात, दुसऱ्याला चार.

मग भागाकाराची तीन रूपं. ‘डिव्हाइड ट्वेल्व्ह बाय थ्री’ म्हणजे ४. ‘थ्री डिव्हाइड्स ट्वेल्व्ह’ म्हणजे तीनने बाराला पूर्ण भाग जातो. यात उत्तर काढायचंच नाही, ते एक विधान आहे, खरं किंवा खोटं. आणि ‘थ्री डिव्हायडेड बाय ट्वेल्व्ह’ म्हणजे पाव. मराठीत ने आणि ला हे प्रत्यय सांगतात कोण भागतंय आणि कुणाला. शब्द मागेपुढे झाले तरी अर्थ हलत नाही. इंग्रजीत ते काम शब्दांची जागा आणि ‘बाय’ करतो. म्हणून इंग्रजी वाक्य वाचताना आधी मनात ने आणि ला लावून घ्या, मग लिहा.

‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर’ म्हणजे क्ष − ५. बहुतेक जण ५ − क्ष लिहितात, कारण डावीकडून उजवीकडे शब्द तसे येतात. आणि मध्ये फक्त ‘इज’ आला, ‘फाइव्ह इज लेस दॅन अ नंबर’, की ती वजाबाकी राहतच नाही, ५ < क्ष ही असमानता होते. म्हणून क्रियापद आहे की नाही ते पाहायची सवय लावा. क्रियापद नसेल तर ती नुसती राशी, असेल तर समीकरण किंवा असमानता.

‘इन्क्रीज्ड बाय ट्वेंटी’ म्हणजे वीसने वाढलं, ‘इन्क्रीज्ड टू ट्वेंटी’ म्हणजे वीस झालं. ‘टू थर्ड्स ऑफ सिक्स्टी’मधला ‘ऑफ’ म्हणजे गुणाकार. ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे अनुक्रमे, आणि तो वाक्याच्या शेवटी येत असल्याने जोड्या लावायला परत मागे जावं लागतं.

‘अॅट लीस्ट’ आणि ‘अॅट मोस्ट’ यांनी संभाव्यतेतले गुण जातात. तीन नाणी फेकली तर आठ शक्यता. ‘अॅट लीस्ट वन हेड’, निदान एक छापा: ७/८. ‘अॅट मोस्ट वन हेड’, जास्तीत जास्त एक: ४/८, म्हणजे निम्मी. ‘एक्झॅक्टली वन’, नेमका एक: ३/८. तिन्ही उत्तरं दिसायला सारखीच पटण्याजोगी आहेत, म्हणून उत्तराकडे बघून चूक सापडत नाही. ती प्रश्न वाचतानाच पकडावी लागते.

आता त्याहून बारीक गोष्ट. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, त्यामुळे वाचताना आपण ते गाळून टाकतो. गणितात गाळता येत नाहीत. क्ष² = ९ घ्या. ‘थ्री इज अ रूट’ हे बरोबर, कारण ३ हे एक मूळ आहे. ‘थ्री इज द रूट’ हे चूक, कारण ‘द’ म्हणजे तेवढं एकच, आणि इथे उणे ३ ही आहे. सिद्धतेत ‘अ सोल्यूशन’ म्हटलं तर निदान एक आहे एवढंच ठरतं. ‘द सोल्यूशन’ म्हणायला दुसरं नाही हेही दाखवावं लागतं. ‘एनी’चंही तसंच. ‘फॉर एनी नंबर’ म्हणजे कोणतीही घ्या, प्रत्येकासाठी खरं. ‘इज देअर एनी नंबर’ म्हणजे एखादी तरी आहे का. मराठीत कोणतीही आणि एखादी असे स्वतंत्र शब्द आहेत, हा आपला फायदा आहे. ‘एनी’ दिसला की समासात कोणतीही किंवा एखादी यांपैकी एक लिहायचंच.

‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यांना वेळ द्या. एखाद्या संख्येला ६ ने भाग जात असेल, तर २ ने जातो. उलट खरं नाही: ८ ला २ ने जातो, ६ ने जात नाही. दहावीच्या भूमितीत आपण प्रमेय आणि त्याचा व्यत्यास वेगवेगळे सिद्ध केलेत, पक्ष, साध्य, सिद्धता लिहून. तीच शिस्त इथे लावायची. ‘इफ’च्या नंतरचं वाक्य पक्षात, ‘देन’च्या नंतरचं साध्यात. ‘ओन्ली इफ’ला मात्र त्याच्या नंतरचं वाक्य साध्यात जातं. इथे पुस्तकाच्या दोन ओळींवर अर्धा तास गेला तरी तो वेळ वसूल होतो.

लांब वाक्य फोडायचं ते जो-तोने

इंग्रजी वाक्यात एकात एक अडकवलेली पोटवाक्यं असतात आणि मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकलेली असते. मराठीत आपण जो-तो, जेव्हा-तेव्हा, जितका-तितका असं जोडीने बोलतो. लांब वाक्य फोडायला यासारखं हत्यार नाही. हे वाक्य घ्या: ‘फाइंड द स्मॉलेस्ट थ्री-डिजिट नंबर विच लीव्ज रिमेंडर थ्री व्हेन डिव्हायडेड बाय सेव्हन.’

शेवटाकडून सुरू करा. जेव्हा एखाद्या संख्येला ७ ने भागतो, तेव्हा बाकी ३ उरते. जी संख्या अशी आहे आणि जी तीन अंकी आहे, ती हवी. अशा ज्या-ज्या सापडतील, त्यांतली सगळ्यात लहान. आता तीन छोट्या अटी झाल्या. ७ चौदा अठ्ठ्याण्णव, त्यात ३ मिळवले की १०१. त्याआधीची अशी संख्या ९४, ती दोन अंकी. म्हणजे उत्तर १०१.

दुसरं: ‘फाइव्ह लेस दॅन थ्री टाइम्स अ नंबर इज इक्वल टू सेव्हन मोअर दॅन द नंबर.’ आधी ‘इज इक्वल टू’वर उभी रेघ मारा. डावीकडे: एका संख्येची तिप्पट, तीतून पाच कमी. उजवीकडे: तीच संख्या, तीत सात जास्त. ३क्ष − ५ = क्ष + ७, म्हणून क्ष = ६. दोन्ही बाजूंना १३ येतात ते तपासा. इथे ‘अ नंबर’नंतर ‘द नंबर’ का आला तेही बघा: तीच संख्या परत आलीय, नवी नाही. ‘द’ गाळून वाचणारा तिथे दुसरं अक्षर घेतो आणि अडकतो.

चिन्हांची ओळ मोठ्याने वाचायची, हा सराव कंटाळवाणा वाटतो पण सोडू नका. चिन्ह डोळ्याला कळतं आणि जिभेवर येत नाही, अशी अवस्था असेल तर शिकवणारा बोलत असताना तुम्ही मागे पडता. आपल्याकडे कंसाच्या वर्गाला ‘होल स्क्वेअर’ म्हणतात. ‘ए प्लस बी होल स्क्वेअर’ ऐकलं की कंस आपोआप दिसतो. अमेरिकी शिक्षक ‘द क्वांटिटी ए प्लस बी, स्क्वेअर्ड’ म्हणतो. त्याचा ‘ट्रॅपेझॉइड’ म्हणजे आपला समलंब चौकोन, जो आपल्या इंग्रजी पुस्तकात ‘ट्रॅपेझियम’ आहे. आपण एचसीएफ म्हणतो तिथे तो जीसीएफ म्हणेल, मसावि तोच. सुरुवातीला एकाच ठिकाणचे व्हिडिओ धरा. खान अकॅडमीचे धरले तर तेच, आपल्याकडच्या एखाद्या शिक्षकाचे धरले तर तेच. दोन बोलींची सरमिसळ पहिल्या काही महिन्यांत नको.

एकक आणि घातांक: राधानगरीचा दरवाजा

मोठ्या संख्यांचं इंग्रजी आपल्याला खरोखर परकं आहे, कारण ते लाख-कोटी मानतच नाही. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. स्वल्पविरामही वेगळे: आपण १२,३४,५६७ लिहितो, ते १,२३४,५६७. हे पाठ करण्यापेक्षा दहाचे घात शिका, मग कोणतीच पद्धत आडवी येत नाही. लाख १०⁵, मिलियन १०⁶, कोटी १०⁷, बिलियन १०⁹.

कोल्हापुरात याच्या सरावासाठी पावसाळ्यातलं वर्तमानपत्र पुरेसं आहे. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, आणि एक उघडला की १,४२८ क्युसेक पाणी सुटतं अशी बातमी येते. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट. टीएमसी म्हणजे हजार मिलियन घनफूट, १०³ × १०⁶ = १०⁹. धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी. प्रश्न: एकाच दरवाजातून एक टीएमसी पाणी जायला किती वेळ लागेल?

आधी अंदाज. १,४२८ म्हणजे साधारण १.४ × १०³. १०⁹ ला त्याने भागलं तर ०.७१ × १०⁶, म्हणजे सात लाखांच्या आसपास सेकंद. एका दिवसात ८६,४०० सेकंद, साधारण ८.६ × १०⁴. भागाकार आठच्या जरा वर. आता नीट करा: १०⁹ ÷ १,४२८ म्हणजे जवळपास ७,००,२८० सेकंद, आणि त्याला ८६,४०० ने भागल्यावर ८.१ दिवस. सातही दरवाजे उघडे असतील तर सातवा भाग वेळ, सुमारे २७.८ तास. धरणात त्या वेळी वरून येणारं पाणी यात धरलेलं नाही, ते धरलं तर वजाबाकीचं दुसरं उदाहरण तयार होतं.

या एका उदाहरणात घातांकांचे नियम, एककांचा भागाकार, व्यस्त प्रमाण आणि अंदाज बांधणं, सगळं येतं. चूक कुठे होते? घनफुटाला क्युसेकने भागल्यावर सेकंदच का उरतात, हे न पाहता लोक आकडे भागतात. आकड्यांबरोबर एकक लिहा आणि तेही अंश-छेदात काटा. क्युसेकला टीएमसीने भागलंत तर उत्तरात ‘एक छेद सेकंद’ येईल, आणि चूक तिथल्या तिथे कळेल.

तसंच राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी इशारा पातळीवर आहे आणि तासाला ३ इंच चढतंय असं समजा: ४ फूट म्हणजे ४८ इंच, म्हणून १६ तास. हेच आलेखावर काढा, आडव्या अक्षावर तास, उभ्यावर फूट, आणि रेषेचा चढ ०.२५ येतो का बघा. इंग्रजीतला ‘स्लोप’ तोच.

वहीत काय लिहायचं

शब्दांच्या याद्या करू नका. इंग्रजी शब्द, समोर मराठी शब्द, अशी वही भरते आणि डोकं रिकामं राहतं. प्रत्येक नव्या शब्दापुढे एक बसणारं आणि एक न बसणारं उदाहरण लिहा. ‘प्राइम’: ७ आहे, ९ नाही, १ ही नाही. ‘फॅक्टर’: १२ चे फॅक्टर १, २, ३, ४, ६, १२, पण २४ नाही, तो ‘मल्टिपल’. ‘टर्म’: ३क्ष + ५ मध्ये ३क्ष आणि ५ या दोन टर्म आहेत, म्हणजे पदं, पण ३ ही एकटी टर्म नाही, ती ३क्ष या पदाचा फॅक्टर आहे, म्हणजे अवयव. हा फरक पक्का नसेल तर (क्ष + ६)/६ मधले सहा काटून क्ष लिहिलं जातं. छेदाशी फक्त अवयव काटतो, पद काटत नाही. शंका आली तर क्षच्या जागी ६ घाला: १२/६ म्हणजे २, आणि काटून आलेलं उत्तर ६. आकडा घालून तपासणं ही बीजगणितातली सगळ्यात स्वस्त परीक्षा आहे.

बरोबर चिन्हाकडेही लक्ष द्या. ३ + ५ = ८ × २ = १६ असं सलग लिहायची सवय अनेकांना असते. वाचून बघा: तीन अधिक पाच बरोबर सोळा. प्रत्येक बरोबर चिन्हाच्या दोन्ही बाजू खरोखर सारख्या हव्यात, नाहीतर खाली नवी ओळ. पुढे समीकरणं सोडवताना ही सवय महागात पडते.

चुकलेली उदाहरणं वहीच्या मागच्या बाजूला उतरवा, उत्तराशिवाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. तिसऱ्यांदाही चुकलं तर ते सोडून त्याच्या खालच्या इयत्तेतलं तेच प्रकरण काढा. रोज एक तास मिळत असेल तर त्यातली चाळीस मिनिटं हातात पेन हवं. व्हिडिओ बघताना सगळं समजतंय असं वाटतं, आणि कागदावर पहिली ओळ सुचत नाही. म्हणून शिक्षकाने उदाहरण मांडलं की तिथेच व्हिडिओ थांबवा आणि आधी स्वतः करा.

इंग्रजीत सिद्धता लिहायला मोजकीच वाक्यं लागतात: ‘लेट’ने सुरुवात, कारण सांगायला ‘सिन्स’ किंवा ‘बिकॉज’, निष्कर्षाला ‘देअरफोर’ किंवा ‘हेन्स’, आणि ‘सब्स्टिट्यूटिंग’. एवढ्यावर नववी-दहावीची सगळी भूमिती लिहून होते. पहिले काही दिवस मराठीत लिहा आणि खाली इंग्रजी ओळ जोडा, मग मराठी ओळ कमी करा.

मराठी पुस्तक कधी बाजूला ठेवायचं? दहावीतलं एखादं न वाचलेलं प्रकरण थेट इंग्रजीत वाचून, पुस्तक मिटून सोडवलेला नमुना स्वतः लिहिता आला आणि त्या सरावसंचातली दहापैकी सात-आठ उदाहरणं सुटली, की अकरावीचं पुस्तक घ्या. त्याचं पहिलं प्रकरण कोन आणि त्याच्या मापनाचं आहे. अंशातून रेडियनमध्ये (कोन मोजायच्या दुसऱ्या एककात) जायला पाय (π) छेद १८० ने गुणायचं असतं, आणि ७५ अंश घेतले तर ७५/१८० ला संक्षिप्त रूप द्यावं लागतं: १५ ने भागून ५/१२, म्हणजे ५ पाय छेद १२. ते संक्षिप्त रूप सहज निघालं तर पुढच्या पानावर जा. अडलं तर अकरावी दोन आठवडे बाजूला ठेवा आणि अपूर्णांकांचं प्रकरण परत काढा.